व्यापारी कायदा : बी.कॉम., बीबीए, बीएमएसचे विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

व्यापारी कायदा शिकवताना दर सत्रात साधारण तेच प्रश्न येतात. काही तासाला येतात, काही तास संपल्यावर जिन्यात, आणि बरेचसे परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवर. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिकडचा क्रमांक दिला आहे. वाचताना एक सवय लावून घ्या: आधी व्यवहार बघा. कोण कोणाला काय म्हणालं, कधी म्हणालं, पैसे कुठे गेले, हे स्पष्ट झालं की कलम सापडायला वेळ लागत नाही.

१. व्यापारी कायदा नावाचा एखादा कायदा आहे का?

नाही. हे विषयाचं नाव आहे. त्यात बरेच वेगवेगळे कायदे येतात: १८७२ चा करार कायदा, १८८१ चा चलनक्षम दस्तऐवज कायदा (चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांचा), १९३० चा मालविक्री कायदा, १९३२ चा भागीदारी कायदा, २००८ चा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) कायदा, २०१३ चा कंपनी कायदा आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. विद्यापीठागणिक यादी थोडी बदलते. पण करार कायदा सगळीकडे पहिला असतो, कारण बाकीचे बहुतेक कायदे त्याच्याच पायावर उभे आहेत.

करार कायद्याचं पुस्तक उघडलं की कलम ७५ नंतर एकदम १२४ येतं. मुलांना वाटतं पानं गळाली. पानं गळालेली नाहीत. मधली ७६ ते १२३ ही कलमं मालविक्रीची होती, ती १९३० मध्ये उचलून वेगळा कायदा झाला. शेवटची २३९ ते २६६ भागीदारीची होती, ती १९३२ मध्ये गेली. म्हणून आजचा कायदा २३८ वर संपतो.

२. ठराव, करार आणि संविदा यांत फरक काय? प्रत्येक पुस्तकात वेगळं लिहिलंय.

गोंधळ तुमचा नाही, शब्दांचा आहे. इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’ आणि ‘कॉन्ट्रॅक्ट’ असे दोन शब्द आहेत. काही मराठी पुस्तकं त्यांना अनुक्रमे ‘ठराव’ आणि ‘करार’ म्हणतात, तर काही ‘करार’ आणि ‘संविदा’. त्यामुळे ‘करार’ हा एकच शब्द एका पुस्तकात पहिल्या अर्थाने येतो आणि दुसऱ्यात दुसऱ्या.

कल्पना सोपी आहे. प्रस्ताव आणि त्याची स्वीकृती मिळून वचन तयार होतं, आणि प्रतिफलासह (म्हणजे वचनाच्या बदल्यात जे मिळतं त्यासह) असलेलं वचन म्हणजे अ‍ॅग्रीमेंट. कायद्याने अमलात आणता येईल असं अ‍ॅग्रीमेंट म्हणजे कॉन्ट्रॅक्ट, हे कलम २ (एच) सांगतं. त्यासाठी काय काय लागतं ते कलम १० मध्ये आहे: मुक्त संमती, पात्र पक्ष, कायदेशीर प्रतिफल, कायदेशीर उद्देश, आणि कायद्याने तो प्रकारच व्यर्थ ठरवलेला नसणं. उत्तरपत्रिकेत कुठलीही जोडी वापरा, पण पहिल्याच ओळीत कोणता शब्द कशासाठी ते सांगा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. इथे पुढे मी कॉन्ट्रॅक्टला ‘करार’ म्हणणार आहे.

३. कलमांचे क्रमांक पाठ केलेच पाहिजेत का?

सगळे नाही. करार कायद्यातली १०, ११, २३, २५, २७, ५६, ७३, १२८ आणि चेकसाठी १३८ एवढी हाताशी असू द्या. क्रमांक आठवला नाही तर तर्क नीट लिहा. चुकीचा क्रमांक ठोकून देण्यापेक्षा ते कधीही बरं.

४. करार स्टँपपेपरवर लिहिला नसेल तर तो बेकायदेशीर ठरतो का?

नाही. तोंडी करारही करारच असतो. सकाळी दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याशी तुम्ही तोंडीच करार करता. अडचण सिद्ध करण्याची असते. पाच लाखांचा तोंडी व्यवहार वैध असू शकतो, पण कोर्टात समोरचा ‘मी असं बोललोच नाही’ म्हणाला की तुमच्याकडे काय उरतं?

स्टँपचा प्रश्न याहून वेगळा आहे. ज्या दस्तावर मुद्रांक शुल्क भरायला हवं होतं आणि भरलं नाही, तो दस्त पुरावा म्हणून वाचता येत नाही. शुल्क आणि दंड भरला की हा दोष निघतो. मुद्रांक नसल्याने करार मुळातच शून्य होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. तो वाद लवादाच्या करारांवरून आला होता. (महाराष्ट्रात बऱ्याच कामांना चालणारा शंभरचा स्टँप ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचशेवर गेला. जुन्या पुस्तकात शंभर असेल तर दुरुस्त करून घ्या.)

काही करार मात्र लेखी असावेच लागतात. तुमच्या रोजच्या जगण्यातलं उदाहरण म्हणजे खोली भाड्याने घेतानाचं लिव्ह अँड लायसन्स. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ते लेखी आणि नोंदणीकृत हवं, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर त्याउलट सिद्ध होत नाही. पुण्यात किंवा मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे माहीत हवं.

५. दुकानात लावलेली किंमत किंवा जाहिरात म्हणजे प्रस्ताव का?

सहसा नाही. ते प्रस्तावाला आमंत्रण असतं. काचेमागे ठेवलेला शर्ट ‘मला विकत घ्या’ असं वचन देत नाही. तुम्ही काउंटरवर नेऊन ‘हा द्या’ म्हणता तो प्रस्ताव, आणि दुकानदार बिल करतो ती स्वीकृती.

पण जाहिरातीतच ठाम वचन असेल तर चित्र बदलतं. कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने जाहीर केलं होतं की आमचा गोळा सांगितल्याप्रमाणे वापरूनही कोणाला इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, आणि आमची खात्री पटावी म्हणून बँकेत १,००० पौंड ठेवले आहेत. श्रीमती कार्लिल यांनी गोळा वापरला, तरी त्या आजारी पडल्या. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने कंपनीला पैसे द्यायला लावले. १८९३ च्या निवाड्यांत हा खटला सापडतो. निर्णायक ठरले ते बँकेतले हजार पौंड: गंमत करणारा माणूस बँकेत पैसे ठेवत नाही. परीक्षेत ही गोष्ट सगळेच लिहितात, पण हा मुद्दा फार थोडे लिहितात.

६. फोनवर ‘हो’ म्हटलं तर करार कुठे झाला असं धरायचं?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो आपल्या खामगावमुळे. बुलडाणा जिल्ह्यातलं खामगाव म्हणजे कापसाची जुनी पेठ. २२ जुलै १९५९ ला अहमदाबादच्या व्यापाऱ्याने ट्रंक कॉलवर खामगावच्या जिनिंगवाल्या केडियांशी सरकीच्या पेंडीचा सौदा केला. पुढे माल आला नाही म्हणून अहमदाबादच्या कोर्टात दावा लागला. केडियांचं म्हणणं असं की आम्ही ‘हो’ खामगावात म्हटलं, म्हणजे करार खामगावात झाला, अहमदाबादला अधिकारच नाही.

१९६६ च्या निवाड्यात बहुमताने ठरलं की फोनवर दोघं समोरासमोर असल्यासारखेच असतात. स्वीकृती प्रस्ताव देणाऱ्याला ऐकू येते तेव्हा आणि तिथे करार होतो. इथे प्रस्ताव अहमदाबादहून गेला होता, ‘हो’ तिथे ऐकू आलं, म्हणून करार अहमदाबादला झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत वेगळं पडलं. त्यांनी कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवलं: स्वीकृती पाठवणाऱ्याच्या हातून सुटली की प्रस्तावकापुरती ती पूर्ण होते, आणि १८७२ च्या कायद्यात फोनसाठी वेगळी सवलत नाही. दोन्ही बाजू वाचा. कायदा जुना आणि यंत्र नवं असेल तेव्हा न्यायाधीश कसा विचार करतात, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

ईमेल आणि अ‍ॅपवरचे करार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० ए मुळे चालतात. केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार नाकारता येत नाही.

७. स्वीकृतीचं पत्र टाकल्यावर मन बदललं तर?

भारतात वेळ असतो. करार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे पत्र टपालात पडलं की प्रस्ताव देणारा बांधला जातो, पण स्वीकारणारा बांधला जातो ते पत्र समोरच्याच्या माहितीत आल्यावर. त्याआधी तुमचा फोन किंवा ईमेल पोहोचला तर स्वीकृती मागे घेता येते (कलम ५). इंग्लिश कायद्यात पत्र टाकल्याक्षणी दोघंही बांधले जातात. इंग्लिश पुस्तकावरून केलेल्या नोट्स असतील तर नेमकं इथेच चुकतं.

८. बक्षिसाची घोषणा माहीत नसताना काम केलं तर बक्षीस मिळतं का?

नाही. कानपूरच्या एका पेढीच्या मालकाचा पुतण्या घरातून पळून गेला. मुनीम लालमन शुक्ला याला शोधायला पाठवलं. त्याच्या मागे घरी ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. त्याने मुलगा शोधून काढला, पण बक्षिसाची गोष्ट त्याला तोवर ठाऊक नव्हती. १९१३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. जे माहीतच नाही ते स्वीकारणार कसं? शिवाय शोधायला जाणं ही त्याची नोकरीच होती. मुलांना हा निकाल नेहमी अन्यायाचा वाटतो, आणि तसं वाटणं मी चूक म्हणत नाही. तरी स्वीकृतीचा नियम इथे घट्ट आहे.

९. वडिलांनी गाडी घेऊन देतो म्हटलं आणि दिली नाही, तर दावा लावता येतो का?

नाही, आणि त्याची कारणं दोन. पहिलं, घरगुती बोलण्यात कायद्याने बांधून घ्यायचा हेतू सहसा नसतो. १९१९ च्या बाल्फोर खटल्यात सिलोनला नोकरीवर परतलेल्या नवऱ्याने बायकोला दरमहा ३० पौंड कबूल केले होते. कोर्टाने ते करार म्हणून मानलं नाही.

दुसरं, प्रतिफल नाही. कलम २५ म्हणतं, प्रतिफलाशिवायचा करार शून्य. अपवाद तीन: जवळच्या नातेवाइकांमध्ये माया-ममतेपोटी लेखी आणि नोंदणीकृत केलेलं वचन, पूर्वी कोणी आपणहून केलेल्या कामाची भरपाई, आणि मुदत संपलेल्या कर्जाची लेखी, सहीनिशी कबुली देऊन ते फेडण्याचं वचन. तिसरा अपवाद गावोगाव उपयोगी पडतो. हातउसने पैसे देऊन तीन वर्षं उलटली की वसुलीचा दावा मुदतबाह्य होतो, पण ऋणकोने ‘ते पैसे देईन’ असं नव्याने लिहून सही केली तर नवा करार उभा राहतो.

प्रतिफल दुसऱ्याने दिलेलं चालतं. १८८२ च्या चिन्नय्या खटल्यात आईने लेकीला मालमत्ता दिली आणि लेकीने मावशीला दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचं वेगळं कबूल केलं. मावशीने स्वतः काहीच दिलं नव्हतं, तरी तिला पैसे मिळाले. इंग्लिश कायदा असं मानत नाही.

१०. ‘व्हॉइड’, ‘व्हॉइडेबल’ आणि ‘बेकायदेशीर’ यांत गोंधळ होतो. कसं लक्षात ठेवायचं?

विचारा: हा करार मोडायचा अधिकार कोणाच्या हातात आहे?

व्हॉइड म्हणजे शून्य. त्यात कोणाच्याच हातात काही नाही, कायद्याच्या नजरेत तो उभाच राहत नाही. दोघांचीही मूळ गोष्टीबद्दल चूक झाली (कलम २०), किंवा एक पक्ष अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालचा) आहे, ही उदाहरणं. व्हॉइडेबलमध्ये फसवल्या गेलेल्याच्या हातात निवड असते. जबरदस्ती, दडपण, फसवणूक किंवा चुकीची माहिती यांमुळे संमती दिली असेल तर तो करार पाळू शकतो किंवा मोडू शकतो. बेकायदेशीर करार शून्य तर असतोच, शिवाय त्याच्या आजूबाजूचे व्यवहारही सोबत बुडतात. शून्य असूनही बेकायदेशीर नसलेला करार कसा असतो, ते प्रश्न १९ मध्ये आहे.

११. १८ पूर्ण नसताना केलेला करार १८ झाल्यावर कायम करता येतो का?

नाही. १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वांत वरचं अपील न्यायालय) अज्ञान व्यक्तीचा करार शून्य ठरवला. कलकत्त्याच्या धरमदास घोष याने अज्ञान असताना सावकाराकडून २०,००० च्या कर्जासाठी घर गहाण ठेवलं होतं. सावकाराच्या वकिलाला वयाची कल्पना होती, तरी पैसे दिले. गहाणखत रद्द झालं, आणि पैसे परत द्यायचा आदेशही मिळाला नाही. जे मुळात शून्य आहे त्याला नंतर जीव येत नाही. अठरा झाल्यावर नवा करार करायचा तर प्रतिफलही नवं हवं.

अपवादही पाहा. जीवनावश्यक गोष्टी पुरवल्या असतील तर अज्ञानाच्या मालमत्तेतून पैसे मिळतात (कलम ६८). इथे तो स्वतः बांधला जात नाही, फक्त त्याची मालमत्ता बांधली जाते. भागीदारीत सगळ्यांच्या संमतीने त्याला नफ्यापुरतं घेता येतं (भागीदारी कायदा, कलम ३०).

१२. कंपनीने बाँड लिहून घेतला. दोन वर्षं सोडता येणार नाही म्हणतात. हे चालतं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, कारण शेवटच्या वर्षाला प्लेसमेंट सुरू होतात. कलम २७ म्हणतं, कोणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य. कोर्टं इथे एक रेघ ओढतात: नोकरी चालू असतानाची अट आणि नोकरी संपल्यानंतरची अट.

पहिलं उदाहरण कल्याणचं. सेंच्युरी रेयॉनमध्ये टायर कॉर्डच्या विभागात गोलिकरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर होते. करार पाच वर्षांचा होता. परदेशी कंपनीकडून घेतलेलं तंत्र त्यांना शिकवलं होतं. ते मध्येच सोडून कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कराराच्या मुदतीत दुसरीकडे तेच काम न करण्याची अट रास्त आहे.

दुसरं उदाहरण झहीर खानचं, आपल्या श्रीरामपूरचा. जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही कोणाचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला तीच संधी द्यायची, अशी त्यात अट होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट कलम २७ खाली शून्य ठरवली, कारण ती करार संपल्यानंतरची होती.

आता बाँड. तो सहसा तुम्हाला दुसरीकडे काम करू नका म्हणत नाही, आधी सोडलंत तर ठरलेली रक्कम भरा म्हणतो. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा बाँड टिकवला: तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये. भरती पुन्हा करायला सार्वजनिक बँकेला येणारा खर्च कोर्टाने त्यात धरला. म्हणून ‘बाँड कोर्टात टिकतच नाही’ हे होस्टेलवरचं वाक्य डोक्यातून काढून टाका. रक्कम झालेल्या खर्चाशी मिळतीजुळती आहे का, प्रशिक्षण खरंच दिलं का, हे बघितलं जातं. मूळ मार्कशीट अडकवून ठेवणं ही वेगळीच गोष्ट आहे. ती देऊच नका.

१३. भाव दुप्पट झाले म्हणून करारातून सुटता येतं का?

नाही. कलम ५६ मध्ये काम अशक्य झालं की करार शून्य होतो. महाग होणं म्हणजे अशक्य होणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच सांगितलं, तेही सरकारला तूप पुरवणाऱ्या एका एजंटच्या खटल्यात. मात्र ‘अशक्य’चा अर्थ अक्षरशः घ्यायचा नाही. कराराचा पायाच उखडला गेला का, ते पाहायचं. हा विचार १९५४ च्या सत्यव्रत घोष खटल्यात आला. तिथे युद्धकाळात सरकारने तात्पुरती जमीन घेतली होती, तरी पाया उखडला नाही असंच ठरलं.

१४. नुकसानभरपाई किती मिळते? आणि इसार जप्त होतो का?

कलम ७३ प्रमाणे भंगातून स्वाभाविकपणे होणारं नुकसान मिळतं, आणि दोघांनाही करार करताना माहीत असलेलं खास नुकसानही मिळतं. दूरचं, आडवळणाचं नाही. ग्लॉस्टरच्या गिरणीचा दांडा उशिरा पोहोचला तो १८५४ चा हॅडली खटला इथलाच. गिरणी त्याच एका दांड्यावर अडून आहे हे वाहतूकदाराला सांगितलं नव्हतं, म्हणून बुडालेला नफा मिळाला नाही.

करारातच दंडाची रक्कम लिहिली असेल तर ती कमाल मर्यादा समजा. कोर्ट तिच्या आत रास्त वाटेल तेवढं देतं (कलम ७४). इसाराबद्दल २०१५ च्या कैलाश नाथ निवाड्यात स्पष्ट झालं की समोरच्याचा दोष नसताना आणि आपलं काही नुकसान झालेलं नसताना रक्कम गिळता येत नाही.

१५. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो तर आधी त्याच्याकडे वसुली करावी लागते ना?

नाही, आणि या एका गैरसमजाने कितीतरी घरं पोळली आहेत. माझ्या मामांनी एका पतसंस्थेत शेजाऱ्यासाठी सही केली होती. तो अर्ज मी नंतर पाहिला. बारीक टाइपातली चार पानं, रकमेची जागा पेन्सिलने भरलेली, आणि जामीनदाराच्या रकान्यात मामांची ती थोडी तिरकी सही. त्यांना सांगितलं होतं, ‘फक्त ओळखीसाठी पाहिजे.’ दोन वर्षांनी पगारातून कपात सुरू झाली तेव्हा घरात पहिल्यांदा ‘जामीनदार’ या शब्दाचा अर्थ कळला.

कायदा असा आहे: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, कलम १२८. बँकेने आधी कर्जदारामागे लागलं पाहिजे असं बंधन नाही. १९६८ मध्ये दामोदर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आधी कर्जदाराकडून वसूल करा असं सांगणं म्हणजे जामिनाचा उपयोगच संपवणं.

जामीनदाराला हक्कही आहेत. त्याला न विचारता धनकोने (कर्ज देणाऱ्याने) कराराच्या अटी बदलल्या (कलम १३३), किंवा कर्जदाराशी तडजोड करून मुदत वाढवून दिली (कलम १३५), तर तो सुटू शकतो. नुसतं गप्प बसणं, वसुलीला उशीर करणं, याने सुटत नाही (कलम १३७). पैसे भरल्यावर तो धनकोच्या जागी उभा राहतो आणि कर्जदाराकडून वसूल करू शकतो (१४० व १४५). दोघं जामीनदार असतील तर बोजा दोघांत समान, वेगळं ठरलं नसेल तर (१४६). छापील अर्जांत यातले काही हक्क आधीच सोडून दिलेले असतात, म्हणून सही करण्याआधी ती बारीक पानं वाचायचीच.

१६. सेकंडहँड मोबाइल घेतला आणि तो चोरीचा निघाला. पैसे तर मी दिले होते.

मोबाइल मूळ मालकाचा. ज्याच्याकडे मालकी नाही तो मालकी देऊ शकत नाही, हे मालविक्री कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. तुमची नियत चांगली असली तरी चोराकडून आलेल्या वस्तूवर हक्क मिळत नाही. विक्रेत्याविरुद्ध मात्र तुम्ही जाऊ शकता, कारण ‘मला विकायचा हक्क आहे’ ही प्रत्येक विक्रीत गृहीत धरलेली अट असते (कलम १४). फसवून मिळवलेल्या वस्तूचं वेगळं आहे. तिथला करार व्हॉइडेबल असतो, आणि मूळ मालकाने तो मोडण्याआधी तुम्ही प्रामाणिकपणे विकत घेतलं तर मालकी तुमची होते (कलम २९). हा फरक समजायला प्रश्न १० आधी वाचा.

१७. चेक बाउन्स झाला तर मुदती नेमक्या कशा मोजायच्या?

कलम १३८ मूळच्या १८८१ च्या कायद्यात नव्हतं, ते १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. उदाहरण घेऊन मोजू. चेक तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकला. ‘अपुरी शिल्लक’ असा मेमो ३ मार्चला तुमच्या हाती आला. तिथून ३० दिवसांत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत लेखी नोटीस पाठवायची. समजा ती त्याला १० एप्रिलला मिळाली. त्याला १५ दिवस, म्हणजे २५ एप्रिलपर्यंत वेळ. तोवर पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. २५ मेच्या आत केलेली बरी. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीच्या मुदतीला ती सोय नाही.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘स्टॉप पेमेंट’ दिलं किंवा खातं बंद केलं म्हणूनही सुटका नाही. सही करून कोरा दिलेला चेकसुद्धा या कलमाखाली येऊ शकतो. चेक कर्जापोटीच दिला असं गृहीत धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं देणाऱ्यावर (कलम १३९). भेट किंवा देणगी म्हणून दिलेल्या चेकला मात्र हे कलम लागत नाही, कारण तिथे देणंच नाही.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली म्हणून कलम १३८ बदललं का, असंही विचारतात. नाही बदललं. तो वेगळा कायदा आहे.

१८. पिठाची गिरणी घेतली, ती बिघडली. मी ग्राहक की व्यापारी?

व्यापारी कारणासाठी घेणारा ग्राहक नसतो. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर तो ग्राहक मानला जातो. आईने घरी गिरणी टाकून स्वतः चालवली तर ग्राहक. पाच गिरण्या घेऊन माणसं ठेवली तर नाही. तक्रार दोन वर्षांत करायची, आणि आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती करता येते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

१९. पैज शून्य, हे कळलं. पण पैजेसाठी मित्राला उसने दिलेले पैसे?

हा प्रश्न महाराष्ट्रात वेगळा सुटतो, आणि बाहेरच्या लेखकांची पुस्तकं वाचणारे इथे हमखास गुण घालवतात. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैज शून्य आहे, पण बेकायदेशीर नाही, असं १९५९ च्या घेरुलाल पारेख निवाड्यात ठरलं. म्हणून देशात इतरत्र पैजेच्या अनुषंगाने झालेला वेगळा व्यवहार, जसं उसनवारी, टिकू शकतो. पण जुन्या मुंबई इलाख्यासाठी १८६५ चा एक कायदा आहे. त्यात असे अनुषंगिक करारही शून्य केले आहेत. म्हणून मुंबई-पुण्यात उसने दिलेले ते पैसे कोर्टातून परत मिळत नाहीत. उत्तरात दोन्ही बाजू लिहा, मगच उत्तर पूर्ण होतं.

२०. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही म्हणतात. मग न केल्याने बिघडतं काय?

सक्ती नाही, पण कलम ६९ मुळे हात बांधले जातात. नोंदणी नसलेली पेढी करारातून आलेल्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावू शकत नाही, भागीदारही पेढीवर लावू शकत नाही. बाहेरचे मात्र पेढीवर खुशाल लावू शकतात. दावा लावण्याआधी नोंदणी झालेली हवी. मध्येच करून चालत नाही.

पेढी मोडायची आणि हिशेब मागायचे, तर त्या दाव्याला मूळ कायद्यात सूट आहे. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने कलम ६९ (२ए) घालून हे दावेही अडवले होते. म्हणजे नोंदणी नसलेल्या पेढीतला भागीदार स्वतःचेच पैसे मागायलाही कोर्टात जाऊ शकत नव्हता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पोटकलम घटनाबाह्य ठरवून काढून टाकलं. तुमच्याकडच्या नोट्समध्ये ते अजून ‘महाराष्ट्रातील विशेष तरतूद’ म्हणून असेल, तर त्यावर रेघ मारा आणि शेजारी २००९ लिहून ठेवा.